रुग्णाचे गुपित आणि संमतीचा अंगठा

जुलै २०२४ मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात एक विचित्र प्रकार उघडकीस आला. रुग्णांची नावे असलेल्या कागदांपासून बनविलेल्या खाण्याच्या बशा तेथे आढळल्या आणि माजी महापौरांनी त्यांची चित्रफीत लोकांपुढे आणली. प्रशासनाने खुलासा केला, की हे रुग्णांचे अहवाल नसून सीटी स्कॅनची जुनी वेष्टने आहेत. रद्दीत देण्यापूर्वी ती फाडावयास हवी होती, ती तशीच गेली. काही कर्मचाऱ्यांना नोटिसा देण्यात आल्या. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मिटला.

तो मिटावयास नको होता. रद्दीवाल्याकडे गेलेले नाव फार तर दहावीस लोकांनी वाचले असेल. कागदाचा एक गुण असा, की तो शोधणे अवघड असते. म्युनिसिपालिटीच्या रुग्णालयातील दहा वर्षांपूर्वीचा केसपेपर खुद्द रुग्णालाही सापडत नाही, तेथे तो त्याच्या मालकाला किंवा विमा कंपनीला कोठून सापडणार? आपल्या रुग्णालयांतील गुप्ततेचे रक्षण आजवर कायद्यापेक्षा गैरव्यवस्थेनेच अधिक केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आता ही गैरव्यवस्था दूर होत आहे. तिच्याबरोबर ते फुकटचे संरक्षणही जाणार आहे, आणि त्याच्या जागी काय येणार हा खरा प्रश्न आहे.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' ही योजना देशभर सुरू झाली. तीनुसार नागरिकाला 'आभा' नावाचा चौदा अंकी क्रमांक मिळतो. निरनिराळ्या दवाखान्यांतील त्याच्या नोंदी, तपासण्यांचे निष्कर्ष आणि औषधांच्या चिठ्ठ्या या क्रमांकाशी जोडल्या जातात व त्याच्या संमतीने एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठविता येतात. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. नोंदी एकाच कोठारात न साठविता ज्या त्या रुग्णालयाकडेच ठेवाव्यात, अशी तिची रचना आहे.

या योजनेचे फायदे नाकारण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातून किंवा साताऱ्याहून टाटा रुग्णालयात येणारा रोगी आपले सारे आयुष्य एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतो. त्यातला एक कागद गहाळ झाला की तीच तपासणी पुन्हा करावी लागते आणि तिचा भार बहुधा त्याच्याच खिशावर पडतो. हा अपव्यय थांबत असेल तर तो थांबावा. तथापि जी सोय डॉक्टरला रुग्णाची माहिती क्षणात मिळवून देते, तीच सोय इतरांनाही ती क्षणात मिळवून देऊ शकते. या 'इतरां'चा बंदोबस्त कोणी आणि कसा करावयाचा, याविषयी आपली कायदेव्यवस्था अद्याप पुरेशी स्पष्ट नाही.

चाळीतले गुपित

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. खाजगीपणा ही पाश्चात्त्यांची आणि बंगल्यांत राहणाऱ्यांची चैन आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपणाऱ्या लालबागच्या चाळीला तिचे काय? गॅलरी सामायिक, नळ सामायिक, शेजाऱ्याच्या घरी आज कोणती भाजी शिजते हेही सर्वांना ठाऊक.

गिरगाव-परळच्या चाळी ज्यांनी आतून पाहिल्या आहेत त्यांना हा युक्तिवाद पटणार नाही. भाजी सर्वांना ठाऊक असे, पण क्षय ठाऊक नसे. औषधाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घरी येई. जवळचा दवाखाना सोडून दोन स्टेशने पलीकडच्या दवाखान्यात नाव घातले जाई. यामागे खुळचट लज्जा नव्हती, रोकडा हिशेब होता. घरात लग्नाची मुलगी असे. कर्ता पुरुष गिरणीत बदली कामगार असे आणि पाळीच्या वेळी दारात उभे राहिल्यावर आज काम मिळणार की नाही हे दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर ठरत असे. अशा माणसाच्या आजाराची वाच्यता झाली की त्याची भाकरी जाई. जी वस्तू दुर्मिळ असते तिची किंमत अधिक, हा अर्थशास्त्रातील पहिला पाठ आहे. ज्याच्या घराला चार बंद खोल्या आहेत त्याला खाजगीपणा स्वस्तात मिळतो; ज्याला सामायिक गॅलरीत राहावयाचे आहे त्याला तो कष्टाने जपावा लागतो, आणि म्हणूनच त्याचे मोल त्याला अधिक कळते.

या शहराच्या इतिहासातही याचा पुरावा आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा उद्रेक झाला. घरांच्या झडत्या, रुग्णांना उचलून रुग्णालयात नेणे, नातलगांना वेगळे काढणे असे उपाय सरकारने योजिले आणि पुढच्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा करून त्यांना बळ दिले. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. तत्कालीन अधिकाऱ्यांच्या लेखी हे अडाण्यांचे बंड होते. परंतु कामगारांच्या बाजूने पाहिले तर आजार कळविणे याचा अर्थ माणूस, काम आणि बिऱ्हाड एकदमच गमावणे असा होता. याचा परिणाम अटळ होता. रोगी लपविले गेले, प्रेते लपविली गेली, लोक शहर सोडून पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये थाटली गेली, प्लेगची लसही तोवर तयार झालेली होती. विज्ञान पुढे गेले होते, विश्वास मागे राहिला होता. १२४ वर्षांनंतर करोनाच्या साथीत काही ठिकाणी रुग्णांच्या दारांवर फलक लागले, तेव्हा हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली विशिष्ट आदेश दिल्याशिवाय असे फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बजावले.

म्हणजे गुप्तता आणि सार्वजनिक आरोग्य ही एकमेकांच्या विरोधात उभी आहेत ही समजूत अर्धवट आहे. गुप्ततेची हमी असेल तरच माणूस तपासणीला येतो.

माहितीची किंमत

केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या निबंधात डॉक्टर आणि रुग्ण यांच्या माहितीतील तफावतीकडे लक्ष वेधले होते. डॉक्टरला अधिक कळते, रुग्णाला कमी. म्हणून हा व्यवहार केवळ बाजारावर सोपविता येत नाही व व्यवसायनीतीची बंधने आवश्यक ठरतात. साठ वर्षांनंतर या तफावतीत तिसरा पक्ष शिरला आहे. मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके मोजते, मोबाइलमधील एखादी योजना स्त्रीच्या मासिक पाळीचा हिशेब ठेवते, थुंकीच्या थेंबावरून जनुकांची तपासणी होते. डॉक्टरला रुग्णाचे गुपित पाळण्याचे बंधन वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी घातले आहे. घड्याळ विकणारा डॉक्टर नसतो. त्याला हे नियम लागू नाहीत. रुग्णाविषयी त्याच्यापेक्षा जास्त जाणणारा, आणि तरीही त्याच्या हिताशी कोणत्याही शपथेने बांधला न गेलेला, असा वर्ग प्रथमच निर्माण होत आहे.

विमा कंपन्यांची बाजूही येथे मांडली पाहिजे. आजारी माणसांनीच तेवढा विमा उतरवला तर हप्ते वाढतात, निरोगी माणसे बाहेर पडतात, हप्ते आणखी वाढतात आणि अखेर बाजारच आक्रसतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलेले हे तर्कशास्त्र खोटे नाही. म्हणून आजार लपवून विमा घेणाऱ्याविरुद्ध कंपनीने तक्रार केली तर ती समजण्यासारखी आहे. परंतु विम्याचे सारे सामाजिक प्रयोजनच मुळी एका सामायिक अज्ञानावर उभे आहे. पुढच्या वर्षी कोण आजारी पडेल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून सारे मिळून वर्गणी भरतात. जनुके, घड्याळ आणि जुने केसपेपर एकत्र करून प्रत्येकाचा धोका आधीच वर्तविता येऊ लागला, तर हप्ता हा ज्याच्या त्याच्या भावी बिलाचा आगाऊ भरणा ठरेल आणि ज्याला विम्याची सर्वांत अधिक गरज आहे त्यालाच दाराबाहेर उभे राहावे लागेल. आनुवंशिक विकारांना विम्यातून सरसकट वगळणे हा भेदभाव आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये म्हटले ते याच कारणाने महत्त्वाचे आहे.

मुंबईने घालून दिलेले दोन दाखले

या पेचातून वाट कशी काढावी याचे दोन दाखले मुंबईनेच घालून दिले आहेत. त्यांचा विसर पडू नये.

पहिला दाखला गर्भलिंगनिदानाचा. गर्भजलपरीक्षा ही मूलतः गर्भातील आनुवंशिक दोष शोधण्याची तपासणी. ऐंशीच्या दशकात या शहरात तिचा धंदा झाला. आज थोडे पैसे खर्चून उद्याचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे होऊ लागल्या. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतील पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि वकील यांनी एकत्र येऊन चळवळ उभारली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. या कायद्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्याने यंत्रावर बंदी घातली नाही, तपासणीवरही घातली नाही. एका विशिष्ट हेतूने तिचा वापर करण्यावर बंदी घातली. आणि येथे संमतीला त्याने मुळीच थारा दिला नाही. पती, पत्नी आणि डॉक्टर या तिघांचीही राजीखुशी असली तरी ते कृत्य गुन्हाच.

हा कायदा सर्वस्वी यशस्वी झाला असे नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. चांगल्या तत्त्वावर उभा असलेला कायदाही अंमलबजावणीवाचून लंगडा पडतो, एवढे या आकड्यांवरून घ्यावे. शिवाय प्रत्येक गर्भवतीची नोंद ठेवण्याची आणि ती अधिकाऱ्यांना दाखविण्याची सक्ती या कायद्याने केली आहे. म्हणजे एका अन्यायाच्या प्रतिबंधासाठी स्त्रीच्या खाजगीपणाचा काही अंश समाजाने घेतला आहे. तो कशासाठी घेतला हे कायद्यात लिहिलेले आहे. म्हणूनच तो घेणे समर्थनीय ठरते.

दुसरा दाखला १९९७ चा. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी मजूर नोकरीत कायम होण्याच्या वाटेवर होता. वैद्यकीय तपासणीत त्याला एचआयव्हीची लागण असल्याचे दिसून आले आणि त्याचे काम गेले. तो काम करण्यास धडधाकट होता. त्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे पहिला प्रश्न नावाचा आला. कारण न्याय मागावयाचा तर आजार जगजाहीर करावा लागणार. न्यायालयाने त्याला नाव झाकून दाद मागण्याची मुभा दिली. 'एमएक्स' विरुद्ध 'झेडवाय' एवढ्याच नावाने हा निवाडा आज ओळखला जातो. दुसऱ्या प्रश्नावर न्यायालयाने असे ठरविले, की जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ लागण आहे म्हणून नोकरी नाकारणे घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांचा भंग करणारे आहे. मालकाला माहिती कळली होती. ती आता परत घेणे शक्य नव्हते. न्यायालयाने त्या माहितीचा दंश काढून घेतला. पुढे २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने हेच तत्त्व संसदेच्या मान्यतेने देशभर नेले.

एका ओळीत सांगावयाचे तर दोन्ही दाखल्यांचा अर्थ असा: कळणे थांबविता येत नसेल, तर कळल्यावर काय करावयाचे यावर बंधन घाला.

संमती पुरेशी नाही

यानंतरची वाटचाल मात्र दुसऱ्या दिशेने झाली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यातून २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून बहुतेक प्रमुख बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाची आहेत. या कायद्याचा मुख्य आधार संमती हा आहे. माणसाला समजेल अशा भाषेत सांगा, त्याचा होकार घ्या, मग माहिती वापरा. तत्त्व उत्तम आहे. परंतु ते दोन समबल पक्षांना शोभणारे आहे.

सकाळी सात वाजता केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. खिडकीपलीकडून मोबाइल नंबर विचारला जातो, एक आकडा येतो, तो सांगावयाचा असतो. मागे दोनशे माणसे खोळंबलेली असतात. 'ऐच्छिक' या शब्दाला त्या खिडकीपाशी काय अर्थ उरतो? शिवडीच्या क्षय रुग्णालयात येणाऱ्या रोग्याचे उदाहरण याहून बोलके आहे. क्षयाची नोंद सरकारला कळविणे २०१२ पासून सक्तीचे आहे आणि साथीच्या दृष्टीने ते योग्यही आहे. 'निक्षय' या संगणकीय नोंदवहीत नाव चढले की रोग्याच्या बँक खात्यात आहारासाठी पैसे जमा होतात. २०१८ मध्ये ते दरमहा पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. म्हणजे रोग, नाव, आधार आणि बँक खाते एका ओळीत येतात. उपाशी रोग्याने ही मदत नाकारावी असे कोण म्हणेल? तो होकार देणारच, आणि देणेच शहाणपणाचे आहे. पण त्या होकाराला करार म्हणता येत नाही. गरजेने दिलेल्या संमतीला बाजारात भाव असतो, नीतिशास्त्रात नसतो.

शिवाय नव्या कायद्यात काही उणिवा अशा आहेत, की त्यांचा फटका नेमका दुर्बलांना बसेल. २०११ च्या नियमांनी आरोग्यविषयक माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा दिला होता. नव्या कायद्यात तसा वेगळा वर्ग नाही. चपलेचे माप आणि क्षयाचे निदान त्याच्या लेखी एकाच जातीची माहिती. संमतीवाचून माहिती वापरण्याच्या मान्य कारणांत 'नोकरीच्या प्रयोजनासाठी' आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, अशीही कारणे सातव्या कलमात आहेत. यात व्यापारी गुपितांच्या चोरीचे उदाहरण दिले आहे हे खरे. परंतु शब्द त्याहून सैल आहेत, आणि १९९७ मध्ये एका मजुराने जिंकलेली लढाई त्या सैल शब्दांतून पुन्हा लढावी लागू नये. नुकसानभरपाईचीही तीच गत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाखाली बाधित व्यक्तीला भरपाई मागता येत असे; ते कलम वगळण्याची तरतूद नव्या कायद्याने केली आहे. दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याचे गुपित फुटले, ज्याचे लग्न मोडले किंवा काम गेले, त्याच्या हाती काय? अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर नुकसान एकाचे आणि वसुली दुसऱ्याची.

राज्याला काय करता येईल

सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत आहेत. दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण महाराष्ट्राला नाही. १९८८ मध्येही आपण बसलो नव्हतो. रुग्णांच्या माहितीविषयी राज्याने स्वतंत्र कायदा करावा आणि त्यात निदान चार गोष्टी असाव्यात.

पहिली, वापरावरील बंदी. उपचारासाठी गोळा केलेली माहिती नोकरी, बढती, घरभाडे किंवा कर्ज यांच्या निर्णयासाठी वापरणे हा गुन्हा ठरावा, मग संबंधिताने कोठेही सही केलेली असो. विम्यासाठी कोणते प्रश्न विचारता येतील याची मर्यादित यादी विमा नियामकाने करावी, असा आग्रह राज्याने धरावा. विमा हा केंद्राचा विषय असल्याने येथे त्याला मागणीच करता येईल. दुसरी, पाहणाऱ्याची नोंद. आपला केसपेपर कोणी, केव्हा, कोणत्या कारणासाठी उघडला हे रुग्णाला मागताच मराठीत छापून मिळावे. संगणकाला हे काम अवघड नाही. बँक आपल्या खात्याचा उतारा देतेच. तिसरी, नाकारण्याची खरी सोय. क्रमांक नसलेल्या माणसाला त्याच खिडकीवर, त्याच रांगेत, तेवढ्याच वेळात केसपेपर मिळाला पाहिजे. चौथी, भरपाई थेट रुग्णाला, आणि दाद मागताना नाव झाकून ठेवण्याचा हक्क. तो १९९७ मध्ये न्यायालयाच्या उदारतेने मिळाला. आता कायद्याने मिळावा.

या सर्वांना खर्च येईल, काही गैरसोयही होईल. संशोधकांची तक्रार असेल, की निर्बंधांमुळे रोगांचा अभ्यास अडेल. तिला उत्तर आहे: नावे वगळून माहिती अभ्यासासाठी देता येते आणि ती तशी द्यावीच. मात्र केवळ नाव गाळल्याने ओळख पुसली जात नाही; वय, पत्ता आणि दुर्मिळ आजार एवढ्यावरून लालबागमधला कोणताही शेजारी माणूस ओळखील. म्हणून ही जबाबदारी माहिती देणाऱ्या संस्थेवर असावी.

या खर्चाच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे हेही पाहावे. ज्या कामगाराला आपला आजार मालकाच्या पडद्यावर दिसेल अशी भीती वाटते, तो उशिरा येतो किंवा येतच नाही. त्याचा क्षय त्याच्या खोलीतल्या पाच जणांना होतो, आणि मग उपचाराचा खर्च सर्वांच्या करांतून होतो. १८९६ मध्ये सरकारजवळ माहिती मिळविण्याची साधने होती, पोलीस होते, कायदा होता. लोकांचा विश्वास तेवढा नव्हता, आणि त्यावाचून बाकी सारे निरुपयोगी ठरले. आज साधने सहस्रपटींनी वाढली आहेत. विश्वास मात्र यंत्राबरोबर विकत येत नाही. तो कायद्याने कमवावा लागतो, आणि तो कमावण्यास उशीर झाला तर त्याची किंमत प्रथम परळ-लालबागच्या रांगेतला माणूस मोजील.